लाखोळीच्या दाण्याएवढं

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रात्री लावायचं, फक्त डागावर,
वाटाण्याएवढं.
मी ते परतीच्या बसमध्येच
लाखोळीच्या दाण्याएवढं करून टाकलं.

ब्रह्मपुरीला गाल दाखवायला जायचं
ते अर्ध्या तिकिटात, म्हणून जमलं.
दोन्ही गालांवर वांग, नाकावरून पूल बांधल्यासारखं.
रोवणीच्या दिवसांत तोंड खाली असते दिवसभर,
डोक्यावर पदर घ्या, वर टोपी घाला,
ऊन बांधीच्या पाण्यातून वर येते
आणि खालून भाजते.
हे सांगितलं तेव्हा बाई पेन थांबवून बघत राहिल्या.
मग लिहिलं: एक ट्यूब, आणि उन्हाचं एक लोशन.
लोशनाची किंमत ऐकून
ती ओळ मी कागदाच्या घडीत आत ठेवली.

ट्यूब चारशे दहाची. पंधरा ग्रॅम.
तेंदूच्या शंभर पुड्यांचे पैसे,
एका पुड्यात पानं सत्तर,
म्हणजे सात हजार पानं तोडायची
अन् दोन गालांना पुसायची.

नागभीडच्या बोरकुटे मेडिकलवाल्यानं चष्मा वर केला.
"हेच औषध, दुसऱ्या कंपनीचं, ब्याण्णवला देतो.
डब्बा साधा आहे, बस."
म्हटलं, डब्बा कोणाले लावाचा आहे जी?
तो हसला, मग हसू आवरून म्हणाला,
"पण तीनच महिने हां, ताई. चिठ्ठीवर आहे तेवढंच.
लोकं गोरं व्हाले नेतात बिनचिठ्ठीचं,
अन् लाल तोंड घेऊन वापस येतात."

ब्याण्णव तर ब्याण्णव.
ट्यूबवर बॉलपेननं रेघा मारल्या, एका आठवड्याला एक.
शेपटीकडून गुंडाळायची, लाटण्यानं दाबायची.
तिसऱ्या रविवारी पाहते तर
गुंडाळी रेघ ओलांडून पुढे निघून गेलेली.

आधी संशय सासूवर.
तिनं मागे दातांची पेस्ट शेळीच्या खुराला लावली होती.
मग पोरीवर. समीक्षा म्हणाली,
"माह्या तोंडाचं टेन्शन पाहुण्याइले असन. मले नाही."

मग धुताना निकेशच्या टी-शर्टच्या गळ्याशी
पांढुरका चिकट पट्टा.
भरतीसाठी पहाटे चारला धावतो, सोळाशे मीटर,
छाती फुगवून माझ्या शिलाईच्या टेपनं मोजतो.
ग्राउंडवरची पोट्टी त्याला 'तवा' म्हणतात.
हे समीक्षानंच सांगितलं, आधी हसत, मग न हसता.
अख्ख्या तोंडाला लावायचा, मानेला लावायचा,
दाणे न मोजता,
आणि तसाच उन्हात.
कानामागची कातडी सोलल्यासारखी लाल.

ओरडले नाही.
ब्याण्णव रुपयांवर ओरडायचं की कानावर,
ते ठरेना.

ट्यूब संपली त्या रात्री
ब्लेडनं उभी चिरली, वहीसारखी उघडली.
"ये, पाय, आत किती उरते."
चकाकत्या पत्र्यावर चार दिवसांचं औषध.
त्यात माझं बोट, शेजारी त्याचं.
कोणतं कोणाचं, ते नखावरूनच ओळखायचं.
म्हटलं, "हे डागाचं आहे. तुले डाग कुठं आहे, दाखव."

तो शोधत राहिला.
मनगटावर, दंडावर, कोपर वळवून दिव्याखाली,
बराच वेळ, खरंच शोधत.
मला भीती वाटली, आता एखादा सापडेल त्याला.

मग म्हणाला, "चारले उठवजो."

त्याच्या कानामागे खोबरेल लावलं.
बिनचिठ्ठीचं घरात तेवढंच होतं.
सोमवारी नागभीडला जाणं आहे.
घडीच्या आतली ती ओळ
बोरकुटेला दाखवीन म्हणते,
साध्या डब्ब्यात किती पडते,
विचारायला काय जाते.